वाटी दुखतेय, पण इंजेक्शन नक्की कशाचं?

प्रश्न: मी ४७ वर्षांची, नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. सहा महिने उजव्या गुडघ्याची वाटी दुखतेय, चढताना त्यामानाने बरं, पण उतरताना कठडा धरावाच लागतो आणि ठाणे स्टेशनचा पूल रोजचाच. ऑफिसात तासभर बसून उठले की पहिली चार पावलं लंगडतच. एक्स-रे नॉर्मल आहे. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात, मैत्रीण म्हणते एकदा घेतलं की सवय लागते. मला डायबेटिस आहे. घेऊ का?

उत्तर: ताई, सवय-बिवय काही लागत नाही, पण सिरिंजमध्ये काय भरणार ते आधी विचारा. स्टिरॉइड असेल तर दुखणं काही आठवडे दबतं, मात्र शुगर त्यानंतर काही दिवस वर जाते, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर कूर्चाच, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजू शकते, म्हणून दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने तरी जाऊ देतात. लोक ज्याला वंगणाचं इंजेक्शन म्हणतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड, ते महाग, आणि गुण येतोच असं नाही. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात सोडतात, त्याचीही खात्री कुणी देऊ नये.

खरं सांगू, तुमच्या वर्णनावरून हे वाटीमागचं दुखणं वाटतं आणि त्यात पहिला उपाय सुई नाही. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते, मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर झाले की ती नीट सरकत नाही, मागे घासते, आणि जिना उतरताना गुडघा वाकलेला असतानाच सगळं वजन त्यावर येतं म्हणून तिथेच कळ येते. तेव्हा पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा, असं दहादा, दिवसातून दोन-तीन वेळा. कुल्ल्याचे व्यायाम फिजिओकडूनच शिकून घ्या. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, आठ दिवसांत कंटाळू नका (बहुतेक जण कंटाळतात!). उकिडवं बसणं तूर्त बंद, तलावपाळीला सपाटीवर चाला, येऊरचा चढ सध्या नको.

गुडघा सुजून गरम झाला, ताप आला किंवा वाकलेला पाय अडकून सरळच होईना तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. आणि एवढं करूनही स्टिरॉइडचं ठरलंच, तर डॉक्टरांना तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आधी दाखवा आणि नंतर आठवडाभर घरच्या मशीनवर शुगर बघत राहा.