पीजीडब्ल्यूपीवरून पीआर: सुरुवात कुठून करायची

कॅनडात शिक्षण संपल्यावर मिळणारं वर्क परमिट (पीजीडब्ल्यूपी) हातात आलं की ते संपण्याच्या तारखेपासून पीआरचा, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्याचा, उलटा हिशेब मांडा. कॅनडात पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतं, आणि पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिटही तिथपर्यंतच देतात. परमिटच्या अर्जाआधी पासपोर्ट बघून घ्या.

कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास या पीआरच्या मार्गासाठी मागच्या 3 वर्षांतला 1 वर्षाचा, म्हणजे 1,560 तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो. पूर्णवेळ शिकताना केलेली नोकरी त्यात धरत नाहीत, स्वतःचा व्यवसायही नाही. हे उशिरा कळलं की फार मनस्ताप होतो, म्हणून आत्ताच सांगतेय.

खरी गोची होते ती अनुभवाच्या पत्रात. ‘आमच्याकडे अमुक पदावर आहेत’ एवढ्यावर भागत नाही. तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोज प्रत्यक्ष काय करता ते त्यात हवं, आणि ती कामं तुमच्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या सरकारी यादीतला तुमच्या व्यवसायाचा क्रमांक) जुळायला हवीत. पदाचं नाव कितीही भारदस्त असो, बघतात ते काम. नोकरी सोडण्याआधीच हे पत्र मागून घ्या. नंतर एचआरच्या मागे लागून जीव मेटाकुटीला येतो.

भाषेच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षंच चालतो. पीआरसाठी अर्ज करायचं आमंत्रण आलं की पूर्ण अर्जाला 60 दिवस मिळतात, तेव्हा मागच्या 10 वर्षांत जिथे सलग 6 महिने राहिलात तिथल्या पोलीस दाखल्यांची चौकशी आधीच करून ठेवा. आणि जमत असेल तर फ्रेंच शिकाच, पीआरच्या निवडीत तिचे गुण वेगळे मिळतात.