मुलगा दुबईला नोकरीला आहे, फ्लूची साथ आली तर आपली एम्बसी औषधं देते का, परत आणते का?

औषधं वगैरे एम्बसी देत नाही हो, उपचार तिथल्याच हॉस्पिटलात घ्यावे लागतात, म्हणून त्याचा हेल्थ इन्शुरन्स चालू आहे ना ते आजच विचारा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि विमान लगेच येईल या भरवशावर तर अजिबात राहू नका. 2020 ला कोरोनात परदेशात अडकलेल्यांना आणायला सरकारच्या वंदे भारत मिशनची विमानं 7 मे पासून सुरू झाली, तोपर्यंत लोक दीड महिना अडकलेले, माझा भाऊ पण मस्कतला होता, आई रोज रात्री फोन घेऊन बसायची. तिकीट स्वतःच्या पैशानेच काढलं आणि मुंबईत उतरल्यावर हॉटेल क्वारंटाइनचा खर्चही आपलाच होता.

पण माणूस खरंच अडचणीत असेल, नोकरी गेली, खिशात पैसे नाहीत, तर एम्बसीकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, 2009 पासून आहे, त्यातून राहणं-जेवण, तातडीचे उपचार, तिकीट मिळू शकतं, फक्त परिस्थिती बघून देतात त्यामुळे मागायला लाजू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर (वेबसाइटवर) तक्रार तुम्ही इथून मुंबईतून पण टाकू शकता. त्याच्या पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी घरी ठेवा, आम्ही ऐनवेळी शोधत बसलेलो.