चार मात्रांचं गणित

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. डिस्क्रीट मॅथ्स (संच, मोजणी, सिद्धता, ग्राफ यांचं गणित) कोडिंगला कुठे लागतं, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून मोकळं व्हावं का, असं विचारलंयस. माझं ऐक, हा विषय पेपरपुरता करू नकोस. का, ते एका गणितावरून सांगतो.

शाळेत लघु-गुरू केलंस ना? लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? मांडून बघ: गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. आता प्रत्येकीचं शेवटचं अक्षर बघ. ते लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांच्या रचना तीन. गुरू असेल तर दोन मात्रा उरतात, त्यांच्या रचना दोन. तीन आणि दोन पाच. जैन आचार्य हेमचंद्रांनी हा नियम बाराव्या शतकात सांगितलाय, इटालियन गणिती फिबोनाचीचं १२०२ मधलं पुस्तक येण्याआधी. मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्याच प्रश्नाच्या लहान रूपांवरून काढायचं, वर्गात ज्याला रिकर्जन म्हणतात ते हेच.

हाच नियम जसाच्या तसा फंक्शनमध्ये उतरव, एक आणि दोन मात्रांची उत्तरं आधी देऊन ठेव आणि ४० मात्रा विचार. ते फंक्शन २० कोटींहून जास्त वेळा बोलावलं जातं. निघालेलं उत्तर टिपून ठेवलंस तर ३८ बेरजांत काम होतं. मशीन तेच! फरक कुठे पडला हे कळायला कीबोर्ड लागत नाही. सहा मात्रांसाठी फंक्शन कोणकोणत्या लहान मात्रा विचारतं त्याचं झाड पेन्सिलीने काढ, दोन मात्रांची फांदी त्यात पाच वेळा फुटलेली दिसेल.

इंडक्शन म्हणजे सर्वांत लहान संख्येसाठी विधान तपासायचं, मग एका संख्येवरून पुढच्या संख्येसाठी सिद्ध करायचं. त्यातली पहिली पायरी 'उघडच आहे' म्हणून मुलं सोडून देतात. मीही सोडायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा प्रोग्राम रिकामी यादी आल्याबरोबर बंद पडला. रात्री दीड वाजता लक्षात आलं, सुटली होती ती हीच पायरी. तेव्हापासून मी आधी शून्याचा विचार करतो.

संच आणि संबंध भराभर झाले तरी चालतील. डेटाबेस शिकताना ते पुन्हा भेटतीलच. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचं १९७० चं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, त्यांच्यावरच उभं आहे. ग्राफना, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांना, मात्र भरपूर वेळ दे. आणि सिद्धता नुसती वाचून पुढे जाऊ नकोस. पुस्तक मिटून ती पुन्हा लिही, पेन थांबेल तिथे खूण कर आणि ते मला विचार.

रविवारपर्यंत एवढं कर: सहा मात्रांच्या रचना किती, ते नियमाने काढ. मग सगळ्या लिहून मोज आणि वहीच्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
काका