होम थिएटरचे सगळे स्पीकर एकाच जातीचे लागतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉल १० बाय १४ फुटांचा. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) एव्ही रिसिव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, आणि पुढे ५ इंची वूफरची (वूफर म्हणजे खालचा आवाज काढणारा शंकू) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची, जोडी (८ ओहम, ८८ डेसिबल) आधीपासून आहे. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा सेंटर (टीव्हीजवळचा मधला स्पीकर) स्वस्तात देतोय. जुन्या तयार होम थिएटर संचातले छोटे स्पीकर पडून आहेत, ते मागे लावावेत का? आणि सबवूफर (फक्त खोल बेस काढणारा स्पीकर) कोणता घ्यावा?

दुकानदाराचा सेंटर घेऊ नका. जुने स्पीकर मागे चालू शकतील, पण आधी त्यांच्या पाठीवरचा एक आकडा बघा. सबवूफर कुठल्याही कंपनीचा घ्या.

स्पीकर जुळणं म्हणजे वॅट जुळणं नव्हे, रंग जुळणं तर नव्हेच. (खोक्यावर पीएमपीओमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या फुगवलेल्या मापात, हजारो वॅट लिहिलेले असतील तर तो आकडा सरळ विसरा.) दोन तंबोरे एकाच पट्टीत लावले तरी जवारी वेगळी असली की कानाला लगेच कळतं, तसंच हे आहे. आवाजाची पातळी रिसिव्हर जुळवतो, जात (आवाजाचा पोत) जुळवू शकत नाही. ती ठरते मुख्यतः ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा भाग) कोणत्या प्रकारचा आहे, क्रॉसओव्हर (वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवण्याची सीमा) कुठे आहे आणि आवाज बाजूला कसा पसरतो यावर. पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज डाव्या, मग मधल्या, मग उजव्या स्पीकरमधून येतो. मधला वेगळ्या जातीचा असेल तर गाडी मध्येच बदलल्यासारखी वाटते. चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात, त्यामुळे हा दोष सतत टोचत राहतो. रिसिव्हरचं माइक लावून केलेलं कॅलिब्रेशन ऐकण्याच्या जागेवरचे चढउतार सपाट करतं, पण बाजूच्या भिंतींवरून परत येणारा आवाज स्पीकरच्या मूळ घडणीप्रमाणेच राहतो.

म्हणून पुढचे तिन्ही एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच मालिकेतले घ्यावेत. नुसती कंपनी एक असून भागत नाही. एकाच कंपनीच्या एका मालिकेत कापडी डोमचा ट्वीटर आणि दुसरीत धातूचा असं सर्रास असतं. तुमच्या जोडीच्या मॉडेलचं नाव बघा, कंपनीच्या यादीत त्याच मालिकेतला सेंटर कोणता ते शोधा. उदाहरणार्थ, वॉर्फडेल डायमंड १२.१ असेल तर १२.सी. मालिका बंद झाली असेल तर तोच ट्वीटर आणि त्याच मापाचा वूफर असलेली आधीची किंवा नंतरची मालिका बघा.

आता एक गोष्ट जी दुकानात फारशी सांगत नाहीत. बहुतेक स्वस्त सेंटर आडवे असतात: मध्ये ट्वीटर, दोन्ही बाजूंना वूफर. समोर बसलेल्याला छान ऐकू येतं. बाजूला सरकलं की एका वूफरचा आवाज कानाशी आधी पोचतो, दुसऱ्याचा जरा उशिरा, आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीला ते एकमेकांना खातात. दोन वूफरच्या मध्यांत ३० सेंटिमीटर अंतर धरलं, तर २ किलोहर्ट्झला (तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर) हे साधारण १६-१७ अंशांवर घडतं. ९ फुटांवरच्या सोफ्यात याचा अर्थ मधल्या जागेपासून अडीच-पावणेतीन फूट बाजूला, म्हणजे सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला. शब्दांची स्पष्टता याच पट्ट्यात असते, त्यामुळे त्याला संवाद दबलेले वाटतात आणि तो आवाज वाढवायला सांगतो. यावर तीन उपाय आहेत. ट्वीटरच्या खाली वेगळा छोटा मिडरेंज (मधल्या पट्टीचा शंकू) असलेला थ्री-वे सेंटर महाग पडतो, पण बरा. केईएफच्या क्यू मालिकेसारखे, ज्यात ट्वीटर वूफरच्याच मध्यभागी असतो, तेही बरे. आणि मला सगळ्यात पटणारा उपाय म्हणजे तुमच्याच मॉडेलचा तिसरा बुकशेल्फ, उभाच ठेवलेला. अडचण एवढीच की ते जोडीने विकले जातात आणि टीव्हीखाली उंची मिळावी लागते. टीव्ही भिंतीवर वर सरकवता येत असेल तर जोडीच घ्या, उरलेला एक सुटा म्हणून ठेवा.

सेंटर कोणताही असो, टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलून ठेवू नका. कप्पा आवाजाला पोकळ गुणगुण देतो आणि जुळवलेला स्पीकरसुद्धा बेजोड वाटायला लागतो. तो पुढच्या कडेशी आणा आणि पुढून थोडा उचलून कानाच्या दिशेला तिरपा करा. रबरी पाचर पुरते.

मागच्यांबाबत सैल राहायला हरकत नाही. तिथे पाऊस, गर्दी, घुमारा असंच जास्त असतं आणि कानालाही मागच्या आवाजाचा बारकावा तितका कळत नाही. जुन्या संचातले स्पीकर वापरण्याआधी पाठीवरचा ओहमचा (विजेच्या रोधाचा) आकडा वाचा. असे संच बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, आणि तुमच्या रिसिव्हरच्या मागे ‘किमान ६ ओहम’ लिहिलेलं असेल तर ते जोडू नका. रिसिव्हर तापेल, मोठ्या आवाजात प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल. ६ किंवा ८ ओहम असतील तर खुशाल लावा. संवेदनशीलता (तेवढ्याच पॉवरला आवाज किती मोठा) तुमच्या ८८ ऐवजी ८४ डेसिबल असली तरी ४ डेसिबलचा फरक रिसिव्हरच्या लेव्हल सेटिंगमध्ये सहज भरून निघतो. मात्र दर ३ डेसिबलला दुप्पट पॉवर लागते हे लक्षात ठेवा. तुलना करताना अजून एक फसगत होते: २.८३ व्होल्टवर मोजलेला आकडा ४ ओहमच्या स्पीकरला ३ डेसिबलने फुगलेला दिसतो, कारण त्यात १ नव्हे, २ वॅट जातात.

३ इंची शंकूच्या स्पीकरला १०० हर्ट्झच्या खाली काही जमत नाही. रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये सराउंडचा (मागच्या स्पीकरचा) क्रॉसओव्हर १५० हर्ट्झ ठेवा, पुढच्या तिघांचा ८०, सगळे ‘स्मॉल’, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जाईल. पण पुढच्यांना १५० देऊ नका, नाहीतर पुरुषी आवाज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून यायला लागतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला जवळजवळ कळत नाही. म्हणूनच सबवूफरची कंपनी जुळवण्यात अर्थ नाही. त्याच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळ शेवटपर्यंत वर किंवा ‘एलएफई’वर (सबवूफरची स्वतःची गाळणी बंद) ठेवा, गाळणी एकदाच, रिसिव्हरमध्ये, होऊ दे.

जागा म्हणाल तर ५.१ मध्ये पुढचे दोन मध्यापासून २२ ते ३० अंशांवर आणि सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे किंचित मागे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आपल्या फ्लॅटांत तो असतोच, तर सराउंड डोक्यामागे टांगू नका. बाजूच्या भिंतींवर, कानाच्या दीड-दोन फूट वर लावा आणि सोफा जमेल तितका, फूटभर तरी, पुढे ओढा.

वायर तांब्याचीच घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते. सोलून टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. १० मीटर लांबीला १.५ चौरस मिलिमीटर जाडी ८ ओहमसाठी पुरेशी आहे, जाण्यायेण्याचा रोध सुमारे पाव ओहम होतो. लाल-काळं टोक सगळीकडे सारखंच लागलं पाहिजे. एकच उलटं लागलं तर बेस पातळ होतो, मधला आवाज जागा सोडतो आणि दोष लोक स्पीकरला देतात.

शेवटी घरी किंवा दुकानात करायची परीक्षा. रिसिव्हरच्या मेनूत टेस्ट टोन लावा. तो एकेका स्पीकरमधून ‘शूऽऽ’ असा आवाज काढतो. डावा, मधला, उजवा ऐकताना डोळे मिटा. मधल्यावर आल्यावर ‘श’चा ‘स’ झाला किंवा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला, तर तो सेंटर परत करा. मनासारखा मिळेपर्यंत सेटिंगमध्ये सेंटर ‘नन’ ठेवा. रिसिव्हर संवाद डाव्या-उजव्यात समान विभागतो आणि मध्ये बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याला मात्र ते त्याच्या जवळच्या स्पीकरकडे सरकलेले ऐकू येतील.