भाषणं नंतर, आधी अर्ज वाच

चि. भाचीबाईंस, अनेक आशीर्वाद.

निबंधाचा मसुदा वाचला. इंग्रजी झकास, तळटिपा ढीगभर, आणि पहिलाच प्रश्न चुकलेला. ‘गरीब अमेरिकन माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध मत का देतो?’ वीस वर्षांपूर्वी मलाही हा प्रश्न फार हुशारीचा वाटायचा. आता चीड येते, कारण उत्तर त्यात आधीच दडवलेलं असतं: तो अडाणी आहे म्हणून.

२०२० सालचं फ्लोरिडा घे. करोनात हॉटेलं बंद पडली, लोक घरी बसले आणि बेकारभत्त्याची वेबसाइट कोलमडली. एप्रिलमध्ये मायामीजवळच्या हायलीआ शहरात ग्रंथालयाबाहेर कागदी अर्ज वाटायला लागले. साथ ऐन भरात असताना लोकांनी एका झेरॉक्ससाठी रांगा लावल्या. आणि राज्याकडून मिळणार किती? आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, तेही १२ आठवडे. पुढे ऑगस्टमध्ये खुद्द राज्यपाल डिसँटिस टीव्हीवर म्हणाले की, लोकांनी वैतागून नाद सोडावा अशा बेतानंच या यंत्रणेत निरर्थक अडथळे घातलेले दिसतात. ती उभी राहिली तेव्हाचे राज्यपालही त्यांच्याच पक्षाचे, हे जाता जाता सांगतो.

नोव्हेंबरात फ्लोरिडानं त्याच पक्षाच्या ट्रम्पना कौल दिला. त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्यानं तासाला १५ डॉलर करायचं का, असाही प्रश्न होता. मंजुरीला ६० टक्के मतं लागत होती, पडली जवळपास ६१. म्हणजे हजारो हातांनी एकाच बैठकीत दोन्ही खुणा केल्या. मजुरीचं सरळ विचारलं, तर लोकांनी सरळ सांगितलं. पक्षाचा हिशेब वेगळा, आणि तो नुसत्या पगाराच्या चिठ्ठीवर होत नाही. तू दोन्ही एकाच रकान्यात भरलेस.

आता २७५ डॉलर कुठून आले ते बघ. त्यासाठी थेट १९३५ गाठावं लागतं. महामंदीत दर चार कामगारांमागे एकजण बेकार होता. फ्रान्सिस पर्किन्स या अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री, मंत्रिमंडळातली पहिली बाई. त्यांच्या समितीनं मसुदा केला आणि १४ ऑगस्ट १९३५ला सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणाचं पेन्शन वॉशिंग्टननं स्वतःकडे ठेवलं आणि त्यासाठी कामगारांच्या पगारातून कपात लावली. रूझवेल्टांचा डाव पक्का होता: माणसानं स्वतः भरलेले पैसे कुठल्याही पुढाऱ्याला बुडवता येणार नाहीत. आजही इथला कट्टर सरकारद्वेष्टा म्हातारा पेन्शनला ‘माझे पैसे’ म्हणतो. बेकारभत्ता मात्र राज्यांच्या गळ्यात घातला. कोणी किती द्यायचं, किती आठवडे द्यायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. शेतमजूर आणि घरकाम करणारे दोन्हींतून वगळले, आणि त्या काळच्या निम्म्याहून जास्त काळ्या कामगारांचं पोट याच दोन कामांवर होतं. हायलीआची रांग त्या कायद्याच्या एका कलमातून निघाली, असं मी म्हणतो. तुझे प्राध्यापक वाद घालतील. घालू देत.

आमचं न्यू जर्सी काही फार शहाणं नव्हतं. त्याच एप्रिलात राज्यपालांनी जाहीर हाक दिली: कोबोल ही जुनी संगणकभाषा येणारं कुणी आहे का? बेकारभत्त्याचा सगळा डोलारा चाळीस वर्षं जुन्या यंत्रांवर उभा. वायटूके, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांतल्या तारखांचा झालेला घोळ, निस्तरायला आलेल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर एकदम भाव आला. हसलो खूप. मग २००९ आठवलं आणि हसू विरलं.

तुझ्या आईला हे अजून माहीत नाही. त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. भत्त्यासाठी दर आठवड्याला फोन लावायचा, पलीकडे यंत्र. काम शोधलंत का? हो असल्यास १ दाबा. एकदा घाईत चुकीचं बटण दाबलं आणि तीन आठवडे पैसे अडकले. चूक माझीच. पण नेमकं आठ महिन्यांपूर्वी इथल्या संसदेनं बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर मंजूर केले होते, आणि त्यांना कुणी १ दाबायला सांगितलं नव्हतं. टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या उजव्या चळवळीच्या सभांना माझा शेजारी जायचा. त्याचं राजकारण मला कधीच पटलं नाही, त्याचा राग पटायचा.

त्याच काळात ओबामांनी कामगाराला ४०० डॉलरची करसवलत दिली होती. एकरकमी दिली तर लोक साठवतील, म्हणून दर पगारात थोडी थोडी मिसळली. अर्थशास्त्र बिनचूक. तुझ्या मामीच्या पगारात ते पैसे येत होते, आणि घरात एक पगार उरलेला असूनही आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही. ट्रम्पना ही मेख कळली होती. २०२०च्या मदतीच्या चेकवर त्यांनी आपलं नाव छापून घेतलं.

२०२१ साली तर जुलै ते डिसेंबर दर महिन्याला मुलामागे २५० ते ३०० डॉलर थेट खात्यात पडले. बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. सिनेटमध्ये मुदतवाढीला एक मत कमी पडलं, पैसे थांबले आणि पुढच्या वर्षी आकडा १२.४ झाला. या दोन आकड्यांवर तुझी चार पानं आहेत, ती ठेव. पण त्यात एकही बाई महिनाअखेरीला दुकानात उभी नाही.

ती बाई मी दर शनिवारी बघतो. चर्चच्या तळघरात आम्ही फुकट शिधा वाटतो. परवा एकजण सांगत होती: अन्नमदतीच्या सरकारी कार्डावर गरम भाजलेली कोंबडी मिळत नाही, तीच थंड करून फ्रीजमध्ये ठेवली की मिळते. शिजवलेलं गरम अन्न चालत नाही, असा नियम. दोन नोकऱ्या करून रात्री नऊला घरी जाणारी ती, थंड कोंबडी घेऊन बसची वाट बघते. साबण आणि डायपर त्या कार्डावर नाहीतच, म्हणून ती आमच्याकडे येते. मत कुणाला देते, मी विचारलेलं नाही. तूही पहिल्या दिवशी विचारू नकोस.

या शनिवारी ये. आठ पन्नासच्या ट्रेननं एडिसनला उतर, मी घ्यायला येतो. बटाट्याची पोती उचलायची आहेत, तेव्हा तो नवा पांढरा कोट घालून येऊ नकोस. आणि येताना तुझ्या राज्याचा अन्नमदतीचा अर्ज छापून आण, सगळी पानं. जेवण झाल्यावर आपण दोघं भरून बघू, किती वेळ लागतो ते.

तुझा,
मामा