मॅनेजरच्या टेबलावर साचलेलं काम नेमकं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा: आठ जणांची टीम हाताखाली आली, दिवस मीटिंगांत जातो, स्वतःचं काम रात्री उघडावं लागतं आणि रविवार संध्याकाळपासून धडधड सुरू होते. वेळेचं नियोजन कसं करावं?

नियोजनाचं नंतर बघू. आधी टेबलावर पडलेलं काम कोणाचं आहे ते तपासा. पाच दिवस वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा: 'मा' म्हणजे माझं, 'व' म्हणजे वरून आलेलं, 'टी' म्हणजे टीमने परत आणून दिलेलं. नोंद त्या-त्या वेळी करा. रात्री आठवून लिहिलं तर मोठी कामं आठवतात, पाच-पाच मिनिटांच्या खेपा गळतात, आणि दिवस खाणाऱ्या नेमक्या त्याच असतात. नव्या मॅनेजरच्या वहीत 'टी' बहुतेक वेळा अंदाजापेक्षा बराच फुगलेला निघतो.

तो फुगतो कसा? कोणीतरी येऊन म्हणतं, "सर, हे जरा बघता का?" तुम्ही म्हणता, "पाठव, बघतो." झालं! काम तुमचं झालं. आता तो मोकळा, तुम्ही अडकलेले, आणि परवा तोच तुमच्याकडे फॉलोअप घेणार. 'बघतो' हा शब्द महिनाभर बंद करा. त्याऐवजी म्हणा, "दोन पर्याय लिही, तू कुठला निवडशील आणि का, ते चारपर्यंत पाठव." पहिले दोन-तीन आठवडे काम मंदावेल, लोक थोडे नाराजही होतील. तेवढं सोसावं लागतं.

काम सोपवताना मोकळीक किती, तेही त्याच वेळी बोला. 'आधी विचार, मग कर', 'कर आणि संध्याकाळी सांग', 'कर, आढाव्यात दिसेलच' या तीन पायऱ्या पुरतात. फसतं ते दोन ठिकाणी. एक, काम दिलं पण अधिकार दिला नाही. पुरवठादाराला मेल तुमच्याच नावाने जाणार असेल, अप्रूव्हलही तुमचंच लागणार असेल, तर तो माणूस दर तासाला दारात उभा राहणारच. दुसरं, त्याचा कच्चा मसुदा रात्री बसून स्वतःच सुधारणं. पुढच्या वेळी तो आणखी कच्चा येतो, कारण सर दुरुस्त करतात हे कळलेलं असतं. समासात तीन शेरे मारून परत पाठवा. डेडलाइन उद्या सकाळची असेल किंवा चुकीमुळे ग्राहकाचे पैसे अडकणार असतील तेव्हाच स्वतः करा, पण नंतर त्याला शेजारी बसवून काय बदललं ते दाखवा.

आता कॅलेंडर. ते शंभर टक्के भरणं ही मेहनत नव्हे, हिशेबाची चूक आहे. रांगांच्या गणितातलं साधं सूत्र घ्या: कामं न ठरवता केव्हाही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल, तर ८० टक्के भरलेल्या माणसाकडे आलेलं काम सरासरी स्वतःच्या चौपट वेळ नुसतं वाट बघतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे अर्ध्या तासाचं काम अनुक्रमे दोन, साडेचार आणि साडेनऊ तास पडून राहतं. शेवटचे पंधरा टक्के भरल्याची किंमत ही एवढी! माणूस काही यंत्र नाही, आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण वाढीची चाल हीच असते. म्हणून ४५ तासांच्या आठवड्यात नऊ तास कोरे ठेवा, रोज साधारण पावणेदोन. तातडीचं काय ते त्यात बसतं, नाहीतर ते रात्रीवर जातं.

हे तास आणायचे नुसत्या माहिती वाचून दाखवणाऱ्या मीटिंगांमधून. निर्णय घ्यायचा नसेल तर मीटिंग रद्द, माहिती लेखी. मात्र एकेकट्याशी होणारं बोलणं कापू नका. आठ जण, पंधरवड्यातून अर्धा-अर्धा तास, म्हणजे आठवड्याला दोनच तास. ते कापले की तेच प्रश्न दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी येतात.

वरिष्ठांना "जमणार नाही" म्हणू नका, यादी दाखवा. आठ जणांचे, प्रत्येकी ४० धरून, कागदावर आठवड्याला ३२० तास. रजा, मीटिंगा, चालू तक्रारी वजा करून उरलेला आकडा मांडा आणि विचारा, "हे नवीन घेतलं तर यातलं कुठलं मागे ठेवू?" जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये नोंदवा. तोंडी ठरलेला प्राधान्यक्रम पंधरा दिवसांत कोणालाच आठवत नाही.

संध्याकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटं अर्धवट कामांपुढे पुढचं पाऊल आणि वेळ लिहा. नुसतं 'अहवाल' नको. 'मंगळवारी ११ वाजता हिशेब विभागाकडून आकडे मागवणे' असं. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगांत हेच दिसलं: काम पुरं झालं नसलं तरी त्याचा ठोस बेत आखला की ते मनात घोळणं कमी होतं.

एवढं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तर प्रश्न कॅलेंडरपुरता उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली: सतत थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा तुसडेपणा, आणि हातून काम नीट न होणं. मॅनेजरच्या बाबतीत दुसरं लक्षण हमखास नजरेतून सुटतं, कारण ते 'साहेब हल्ली कडक झालेत' म्हणून खपून जातं. आणि ती धडधड डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइड किंवा रक्तक्षयानेही तसं होतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.