डाय धमनीत शिरला, हे संगणकाला कसे कळते?

प्रश्न : अँजिओग्राफीत डाय सोडताच हृदयाच्या धमन्या काळ्या दिसू लागतात, हे मी पडद्यावर स्वतः पाहिले आहे. जे इतके उघड दिसते, ते ओळखायला संगणकाला वेगळे शिकवावे का लागते?

उत्तर : डाय हा शब्द रूढ झाला असला, तरी ते द्रव्य रंग नव्हे, ते दिसायला पाण्यासारखेच असते. त्यातील आयोडीन क्ष-किरण शोषून घेते, म्हणून धमनीची सावली पडते. मात्र पडद्यावर सावली पाडणारी ती एकटीच गोष्ट नसते. बरगड्यांच्या कडा, पाठीचा कणा, पूर्वी बायपास झाली असल्यास छातीच्या हाडातील तारा आणि मुख्य म्हणजे खुद्द कॅथेटर, म्हणजे डाय सोडण्याची बारीक नळी, हे सारे गडदच दिसते. 6 फ्रेंच मापाचा कॅथेटर 2 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जवळजवळ एखाद्या धमनीएवढा असतो आणि डाय आधी त्याच्यात भरतो. त्यामुळे नळीसारखे आकार शोधणारी जुनी गणिती पद्धत कॅथेटरलाच धमनी समजून बसते.

मेंदूच्या किंवा पायाच्या धमन्यांसाठी डायपूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करता येते. हृदयाच्या बाबतीत ही युक्ती सहसा फसते, कारण ते स्थिर नसते आणि श्वासाबरोबर आसपासचा भागही हलतो. सेकंदाला 15 फ्रेम घेतल्या आणि नाडी 75 असली, तर एका ठोक्यात 12 फ्रेम येतात. म्हणून तुलना करायचीच झाली, तर ती ईसीजीनुसार ठोक्याच्या त्याच टप्प्यावरील फ्रेमशी करावी लागते. माझ्या मते खरी मेख येथेच आहे: एकेक फ्रेम सुटी पाहून निर्णय देणाऱ्या प्रणालीपेक्षा लागोपाठच्या फ्रेम एकत्र पाहणारी प्रणाली अधिक भरवशाची ठरते.

डाय नेमका कोणत्या फ्रेममध्ये धमनीत शिरला, याला महत्त्व आहे. 1996 पासून वापरात असलेल्या टिमी फ्रेम गणनेत डाय धमनीच्या मुखापासून टोकापर्यंत पोहोचायला लागलेल्या फ्रेम मोजून रक्तप्रवाहाचा वेग ठरवतात. ती गणना सेकंदाला 30 फ्रेम धरून बेतलेली असल्याने 15 फ्रेमच्या चित्रणात आकडा दुप्पट करावा लागतो, आणि सुरुवात ओळखताना झालेली एका फ्रेमची चूकही त्याबरोबर दुप्पट होते.

धमनी पूर्ण बंद असेल, तर तिच्या पुढच्या भागात डाय शेजारच्या बारीक वाहिन्यांतून उशिरा आणि फिकट पोहोचतो. अशा रुग्णांत प्रणालीने फ्रेम पाहणे लवकर थांबवले, तर तो भाग तिच्या हिशेबात येतच नाही. म्हणून तेवढे चित्रण डॉक्टर शेवटपर्यंत स्वतः पाहतात.